पाठमोरा माणूस

सप्ताहात बुवांचं कीर्तन ऐन रंगात असताना देवाच्या चांदीच्या पादुका चोरीला गेल्या. सकाळी देवळाच्या कचेरीत कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. उपरण्यात पादुका गुंडाळून जाणारा माणूस क्षणभर वळला.

"भंगारवाला मेहबूब!" म्हणत वार्ताहर रेवणने गावच्या ग्रुपवर फोटोसकट बातमी पाठवलीसुद्धा.

"छे, हा तर आमचा धाकटा," भावाशी अबोला धरलेले गुरवकाका पुटपुटले.

"काका, हे तर तुम्हीच की!" काकांवर आधीपासूनच डूख धरून असलेले विश्वस्त ओरडले.

बुवांनी हात जोडून पडदा निरखला. "मला नुसती पाठ दिसते रे, बाळा. माणूस वळतच नाही."

रेवणने हसत चित्रण पुन्हा लावलं. माणूस पाठमोराच निघून गेला. परत लावलं. पाठच. रेवणने बातमीतला फोटो उघडला; त्यातही पाठच.

बाहेर गलका ऐकून तो धावला. जमावाने मेहबूबची हातगाडी उलथून त्याला पिंपळाला बांधलं होतं.

"सोडा त्याला! फोटोत चेहराच नाही, नीट बघा!"

मागोमाग आलेल्या गुरवकाकांनी मोबाईलवरची बातमी वाचली, मग फोटो डोळ्यांजवळ धरला.

"असं काय करतोस, रेवण? स्वच्छ दिसतोय की. मेहबूबच आहे."