झाकणाच्या आतलं कुंकू

पोलादी पेटीचं झाकण उघडून प्राध्यापकबाईंनी आतल्या आरशांवर विजेरी धरली. प्रत्येक आरशावर लाल पूड बसली होती.

"हे काय आहे?"

"कुंकू," केतकी खालमानेनं म्हणाली.

शिरोलीच्या कारखान्यात तिचे आबा लेथला कुंकू लावल्याशिवाय नवं काम धरत नसत. जर्मनीतल्या विद्यापीठात उन्हाळी संशोधन सुरू करताना तिनंही यंत्राला कुंकवाचं बोट टेकवलं होतं. कुणी हसू नये म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला. पंपानं पेटीतली हवा ओढून घेतली आणि पूड उडाली.

बाई रागावल्या नाहीत, याचंच तिला जास्त भय वाटलं. "हे आरसे पुसले तर चरे पडतात. नवे यायला हिवाळा उजाडेल," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझा प्रकल्प इथंच संपला. माझ्याकडे शिफारसपत्रही मागू नकोस." त्या पत्रावरच तिचं पुढचं शिक्षण अवलंबून होतं.

ती बाहेरच्या पायरीवर येऊन बसते न बसते तोच आबांचा फोन आला.

"झालं का गं काम सुरू? यंत्राला कुंकू लावलंस न्हवं?"

"लावलं, आबा."

"मग झालं तर!" आबा निर्धास्तपणे म्हणाले. "आता तुझ्या कामाला कुणाची दृष्ट लागत न्हाई बघ."