हात न लावलेला पाव

मुलाने ब्रेड मशीन आणलं आणि माझ्या बेकरीचा पाव घरात बंद झाला. "बाबा, तुमच्याकडे पिठाला दहा जणांचे हात लागतात. हे हात न लावता होतं," तो नाक मुरडून म्हणाला. त्याच हातांच्या कमाईवर तो लहानाचा मोठा झाला होता. पहिला पाव विटेसारखा निघाला, तो मुकाट्याने कचऱ्यात गेला.

मी मशीनसोबत आलेलं पुस्तक उघडलं, तर मुलगा म्हणाला, "साठीपर्यंत अंगठा उठवलात, आता मशीन शिकताय?" मी अक्षर लावत लावत सगळं वाचलं. पीठ मळणारं पातं भाजतानाही आतच राहतं, त्यामुळे अशा प्रत्येक पावाच्या तळाला भोक पडतं, असं त्यात लिहिलं होतं.

रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला आले. मुलाने छान फुगलेला, तांबूस पाव टेबलावर आणून ठेवला. "आमच्या मशीनचा," तो म्हणाला.

"जावईबापू, आता बेकरीवाल्यांचं काही खरं नाही," विहीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"बेकरी विका आणि घरी बसा, हेच मी यांना केव्हाचा सांगतोय. बाबा, पाव कापा. तेवढं तरी जमेल ना?"

मी सुरी बाजूला ठेवली आणि पाव सगळ्यांसमोर उलटा केला.

&nbsp;

तळाला भोक नव्हतं. पहाटे बेकरीच्या भट्टीवर पिठाच्या गोळ्याची तळाची शिवण बंद करताना मी दाबलेला अंगठा तेवढा उमटला होता.