अब्बांचं नाक

त्या शुक्रवारीही श्रीवर्धनच्या इसहाकमियाँनी आपल्या पेढीवर चहाची चिमूट तळव्यावर चोळली, डोळे मिटून हुंगली आणि "उंची माल!" म्हणून निकाल दिला. हमदुल्लाशेठने लगेच बोटीवरच्या पेट्या उतरवल्या.

इन्फ्लुएंझाच्या साथीपासून मियाँना कसलाच वास येत नव्हता, हे फक्त त्यांच्या लेकीला, जैबुन्निसाला ठाऊक होतं. बरकतीच्या नावाखाली प्रत्येक नमुना आधी घरात जाई आणि पडद्याआड ती तो हुंगे. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या की माल चोख, दोनदा वाजल्या की परत.

शनिवारी पहाटे मियाँ गेले.

चाळिसावा झाल्यावर शेठ नवा नमुना घेऊन आले. रिवाजाप्रमाणे तो आत जाऊन आला. मियाँच्या खुर्चीत आता पुतण्या खलील होता.

"रंग बघा, कसा काळाभोर! उतरवा वीस पेट्या. चाचांच्या नावावर खपतील."

आत बांगड्या दोनदा वाजल्या. मग पुन्हा दोनदा, जोरात.

"रडतेय बिचारी," शेठ हळहळले. "फार जीव होता बापावर."

 

"शेठ, हा चहा सुक्या बोंबलांना टेकून आलाय," पडद्याआडून पहिल्यांदाच आवाज आला. "आणि खलील, अब्बांचं नाक इथे आत बसायचं."