कमळाकाकीवर आक्षेप

"ही ती नव्हेच," असं म्हणत नितेशने आक्षेपाचे दोन रुपये टेबलावर ठेवले. शाळेच्या वर्गातली मतदानाची रांग थबकली.

नितेश सरपंचपदाच्या एका उमेदवाराचा एजंट. वाडीतली घरं त्याने मनात कधीच वाटून टाकली होती: आपली, त्यांची आणि कुंपणावरची. कमळाकाकी त्यांची. समोरच्या उमेदवाराने तिच्या घराकडे चढणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांना नवे चिरे बसवून दिले होते, आणि चिऱ्याची फेड मतानेच होते. त्यात काकी तीन वर्षं पोफळीला लेकीकडे राहून आलेली, दात गेलेले, गाल बसलेले. कार्डावरच्या फोटोतली बाई चांगली गुबगुबीत. असा मोका पुन्हा कुठला?

केंद्राध्यक्ष मृणालीबाईंनी फोटो पाहिला, काकीला पाहिलं. "आजी, तोतया निघालात तर पोलिसांत द्यावं लागेल. नवऱ्याचं नाव सांगा."

काकीने पदर सावरला आणि खाली पाहिलं.

"बघा! ठाऊकच नाही," नितेश म्हणाला.

"ठाऊक नाय? जल्मभर भाकऱ्या थापल्या त्यांना, मेल्या!" काकी मृणालीबाईंकडे वळली. "सरकारने लिवलंय ना बाय यादीत? मग माझ्या तोंडून कशाला?"

मृणालीबाई नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारणाऱ्या. म्हातारी कुठे अडली, त्यांना कळेना. दारातला पोलीस मात्र दोन पावलं आत आला.

काकीने त्याच्याकडे पाहिलं आणि नितेशकडे बोट केलं. "ह्याच्या उमेदवाराचं जे नाव, तेच आमच्या ह्यांचं. आल्यापासून ऐकत्ये, भोंग्यातून कोकलतोय नुसता. आता का रे दातखीळ बसली?"

मृणालीबाईंनी यादीवर बोट ठेवलं. "काय हो, तुमच्या उमेदवाराचं नाव?"

"सखाराम," नितेश म्हणाला. या खेपेला भोंग्याशिवाय.

"पती, सखाराम. बरोबर आहे." रांग हसली. आक्षेप फेटाळला गेला, दोन रुपये सरकारजमा झाले. काकीने शाई लावून घेतली आणि ती पुठ्ठ्याआड गेली.

यंत्र वाजलं तसा नितेशचा हिशेब उलटा फिरला. जे नाव तोंडाने घ्यायचं नाही, ते बोटाने दाबायला काकीला कोणी अडवलं होतं? म्हणजे हे मत आपलंच होतं की काय?

तो व्हरांड्यात धावला. "काकी, राग नको हं. दाबलंत ना आमच्याच..."

काकीने बोटावरची शाई फुंकली.

"नाव घ्यायची पद्धत नाय आमच्यात," ती म्हणाली, आणि नव्या चिऱ्यांवर जपून पाय टाकत पाखाडी चढू लागली.