लेन्समधलं धुकं

एसी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानातही गायत्रीला घाम फुटला होता. काउंटरवर दुकानदाराने जुना कॅमेरा आणि दोन लेन्स मांडल्या होत्या आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. एक लेन्स झूमची, जागेवर उभं राहून लांबचं जवळ आणणारी. दुसरी पन्नास एमएमची. तिच्यात जवळचं हवं तर आपणच पुढे सरकायचं, पण कमी उजेडात तीच कामाला येते. कॉलेजच्या सरांनी दोन्हींचं कौतुक केलं होतं आणि वर दमही भरला होता. "जुना माल घ्याल तर बुरशी बघून घ्या. सुरतच्या हवेत काचेच्या आत बुरशी धरते. मग सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं." तेव्हापासून तिने बुरशीचा धसकाच घेतला होता. चुकीची लेन्स गळ्यात पडली तर ती बदलून द्यायला कोण बसलंय?

तिची आई, मंगलाबाई, मात्र स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या. गोडादरा वस्तीतल्या खोलीत साड्यांवर चमकीचे खडे चिकटवून त्यांनी हा दिवस आणला होता. लेकीला आज रिकाम्या हाताने घरी न्यायचं नाही, असं त्यांनी रिक्षात बसतानाच सांगून टाकलं होतं.

"मालेबी दखू दे," त्या म्हणाल्या.

गायत्रीने झूमची लेन्स लावून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. कॅमेऱ्याचा पट्टा आधी त्यांच्या गळ्यात घातला, कारण आईचा भरवसा नव्हता. मंगलाबाईंनी डावा डोळा तळहाताने झाकला, उजवा कॅमेऱ्याच्या इवल्या खिडकीला लावला आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर कॅमेरा रोखला.

"हाऊ खराब शे. समदं धुक्कं शे याना मझार."

गायत्रीला सरांचा दम आठवला. बुरशी! आणि आपल्याला दिसली कशी नाही? मंगलाबाईंनी तोवर पदराचं टोक जिभेला लावून काच पुसायला घेतली होती.

"बेन, साडी ना अडकाडो!" दुकानदार ओरडला. "काच पर लीटा पडी जशे."

ओरखडा तर पडला नाही ना म्हणून त्याने लेन्स काढून उजेडात धरली, आरपार बघितलं, गायत्रीलाही दाखवलं. काच लख्ख होती. तिने स्वतः डोळा लावला. पलीकडच्या पाटीवर बसलेल्या कबुतराची मानसुद्धा दिसली. दुकानदाराने मुकाट्याने पन्नासची चढवली. पुन्हा मंगलाबाईंनी डावा डोळा झाकला.

"हाई बी तशीच. तुले फसाडी राहिना हाऊ."

"मम्मी, जरा हळू बोल."

आता दुकानदारही चिडला. त्याने आतून दुसरा कॅमेरा आणला, पेटीतला, कोरा करकरीत. मंगलाबाईंनी तो डोळ्याला लावला आणि त्याच्यातही धुकं निघालं. नव्या कॅमेऱ्याला कुठली आलीय बुरशी? गायत्री आईच्या तळहाताकडे बघत राहिली. डावा डोळा. तिन्ही वेळा आईने डावाच झाकला होता.

"मम्मी, हात काढ. दुसऱ्या डोळ्याने बघ."

"कसाले?"

"बघ ना."

मंगलाबाईंनी कॅमेरा डाव्या डोळ्याला नेला. त्यांनी कॅमेरा जरा इकडेतिकडे फिरवला. मग म्हणाल्या, "हां, आते दिखस. कबूतर शे."

गायत्रीला एकेक आठवत गेलं. गेल्या महिन्यात शेठकडून साड्या परत आल्या होत्या, खड्यांच्या ओळी वाकड्या गेल्या म्हणून. आईने गोंदाला शिव्या घातल्या होत्या, आणि तिनेही आईच्या सुरात सूर मिसळला होता. परवा आईने चहा कपाच्या बाहेर ओतला तेव्हा तर घरभर हसणं झालं होतं. गायत्रीला आता भीती वाटली, अगदी लहानपणी जत्रेत आईचं बोट सुटल्यावर वाटली होती तशी.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? माले काय व्हयेल नही."

"आपण कॅमेरा नको घ्यायला. आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे चल. आत्ता."

एवढं ऐकल्याबरोबर मंगलाबाईंनी कॅमेरा लेकीच्या हातात दिला आणि स्टुलाची कड गच्च धरली. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्या कशाला घाबरल्या हे गायत्रीला लगेच कळलं. डोळ्याला नव्हत्या घाबरल्या. हे पैसे आता तिकडे जातील, याला घाबरल्या होत्या.

"कॅमेरा लिधाशिवाय मी आठून उठाव नही."

"मम्मी, ऐक ना."

"तू ऐक. मन्हा डोया चांगला शे. तुले खोटं वाटस ना? हाई दख."

त्यांनी डावा डोळा तळहाताने दाबून झाकला. मान ताठ केली. उजवा डोळा मोठा करून त्या लेकीकडे, म्हणजे लेक असेल अशा बाजूला बघू लागल्या.

"दखाड बोटं. मी सांगस कितला शेतस."

दुकानदाराने हातातली पेटी हळूच खाली ठेवली. बाहेर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता. गायत्रीला बोट उचलवेना. एक दाखवावं की पाच, तिला काही सुचत नव्हतं. कॅमेरा छातीशी कवटाळून ती नुसती उभी राहिली.

मंगलाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या हसल्या, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारख्या.

"दोन," त्या म्हणाल्या. "चलो, पॅक करी दो, भाई."