पिल्लांचं पाणी

तीन महिने ओल्या काथ्याच्या भुशात, पिशवीत बांधून कपाटात जपलेली किली या शोभेच्या माशांची अंडी आज पाण्यात सोडल्यावर फुटली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं बघून नवरा हरखला. त्यांना खायला म्हणून ओट्यावर, माझ्या दह्याशेजारी, त्याने वळवळते किडे वाढवलेत. तेही बोटावर घेऊन कौतुकाने पाण्यात सोडले.

मग तळाची घाण काढायला नळी तोंडात धरून पाणी ओढलं. घोटभर तोंडातच गेलं. थुंकून हसला, "चालतं गं, पिल्लांचंच तर आहे."

आतून सासऱ्यांनी हाक मारली. अंथरूण पुन्हा खराब झालं होतं.

"तूच बघ ना. मला किळस येते."

दोन वर्षं हेच ऐकतेय. आज मलाही किळस आली, त्याच्या तोंडाची.

बादली आणि फडकं मी त्याच्यापुढे आदळलं. "आधी तोंड धू. मग बाबांचं धू."