गेल्या वर्षीची नक्षी

मेंदूच्या आजारावरच्या नव्या औषधाच्या प्रयोगात मुलीचा नंबर लागायचा, तर बुद्ध्यांक किमान पन्नास हवा होता. याच आनुवंशिक आजाराने थोरल्या मुलाची वाचा दहाव्या वर्षी गेली होती. धाकटी आता नऊची. म्हणून सुतार बापाने बुद्ध्यांकाच्या चाचणीतल्यासारखे लाल-पांढरे ठोकळे घरी घडवले आणि सहा महिने तिच्याकडून गेल्या वर्षीच्या चाचणीतली नक्षी घोटवून घेतली. आज चाचणीत तिने ती चटकन जुळवली. “अहो मिस्त्री, मी अजून चित्र दाखवलंच नाही,” मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्यांनी वेगळ्याच नक्षीचं चित्र ठेवलं, तरी तिने तीच नक्षी जुळवली. “गेल्या वर्षी हेही येत नव्हतं, बाई! शिकलीच ना?” “घोकलंय तिने.” “मग घोकणाऱ्यांना औषध नको?” बाईंनी पेन ठेवलं आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. “राणी, हे तुझे कोण?” मुलीने त्याला निरखून पाहिलं आणि लगबगीने ठोकळे जुळवायला घेतले.